मीठ बाहेर का येत नव्हते? फसलेल्या एका डायलिसिसचे प्रकरण

पार्श्वभूमी

जीवरसायनाच्या एका प्रयोगशाळेत सुमारे ३२ किलोडाल्टन (रेणूच्या वजनाचे एकक) वजनाचे एक एन्झाइम शुद्ध करण्याचे काम चालू होते. काम करणारी संशोधक विद्यार्थिनी पहिल्या वर्षाची होती. मार्गदर्शक अनुभवी होते, पण त्या आठवड्यात अन्य कामांत अडकलेले होते, आणि मी त्याच प्रयोगशाळेत शेजारच्या टेबलावर काम करीत असल्याने पुढचे बहुतेक सारे जवळून पाहिले. व्यक्ती ओळखू येतील असे तपशील येथे गाळले आहेत. आकडे वहीतील नोंदींवरून, जवळच्या पूर्णांकात घेतले आहेत.

पहिल्या स्तंभातून, म्हणजे प्रथिने वेगळी करणारे कण भरलेल्या नळीतून, एन्झाइम बाहेर काढण्यासाठी १ मोलर मिठाचे, म्हणजे सोडियम क्लोराइडचे, द्रावण वापरले होते. हाती आलेला नमुना ४० मिलीलिटर होता. पुढचा स्तंभ आयन-विनिमयाचा, म्हणजे विद्युतभाराने प्रथिन धरून ठेवणारा, असल्याने त्यावर एन्झाइम चिकटायचे तर मिठाची संहती, म्हणजे द्रावणातील प्रमाण, २० मिलिमोलरच्या (१ मोलर म्हणजे १००० मिलिमोलर) खाली आणणे आवश्यक होते. त्यासाठी डायलिसिस हा नेहमीचा मार्ग ठरला. नमुना सेल्युलोजच्या पटलाच्या, म्हणजे सच्छिद्र पातळ पडद्याच्या, नळीत भरायचा, दोन्ही टोकांना गाठी मारायच्या आणि ती पिशवी बफरमध्ये, म्हणजे पीएच (आम्लता) स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात, रात्रभर कोल्ड रूममध्ये ४ अंश सेल्सिअसला ठेवायची. पटलाची छिद्रे १२ ते १४ किलोडाल्टनच्या मर्यादेची होती. मिठाचे आयन त्यातून सहज जातात, ३२ किलोडाल्टनचे प्रथिन आतच राहते. थॉमस ग्रॅहम यांनी १८६१ मध्ये डायलिसिस हा शब्द रूढ केला तेव्हापासून या कृतीच्या मुळाशी असलेली कल्पना बदललेली नाही, आणि कदाचित त्यामुळेच ती करताना कोणी फारसा विचार करीत नाही.

अडचण

पहिल्या रात्री वापरलेली नळी जाड होती. भरल्यावर तिचा व्यास सुमारे २७ मिलिमीटर होई, त्यामुळे सगळा नमुना एका आखूड, गुबगुबीत पिशवीत मावला. बाहेर १ लिटर बफर होते. चुंबकी कांडी टाकून ढवळणी सुरू केली आणि विद्यार्थिनी घरी गेली.

सकाळी तिने बीकरमधील बफरची वाहकता, म्हणजे मिठाबरोबर वाढणारी वीज वाहून नेण्याची क्षमता, वरच्या थरात मोजली. ती ताज्या बफरपेक्षा थोडीच अधिक निघाली. याचा अर्थ तिने असा लावला की मीठ बाहेर आलेलेच नाही. मग पिशवीतला थोडा नमुना काढून त्याचीही वाहकता तिथेच, थंडीतच मोजली. बफरचा वाटा वजा करून मापन सुमारे ११ मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटर आले. सारणीत पाहिल्यावर हे १०० मिलिमोलरच्या आसपासचे मीठ वाटते.

ही दोन्ही मापने फसवी होती. मिठाच्या द्रावणाची वाहकता तापमानाबरोबर अंशागणिक साधारण दोन टक्क्यांनी बदलते आणि सारण्या बहुधा २५ अंशांसाठी असतात. तो नमुना २५ अंशांवर आणून मोजल्यावर आकडा १८ च्या जवळ गेला, म्हणजे मीठ १७० मिलिमोलरच्या घरात होते. बाहेरच्या बफरची गोष्ट याहून मजेशीर होती. मीठ बाहेर आले नव्हते असे नाही. ते खाली जाऊन बसले होते. १ मोलर मिठाचे द्रावण पाण्यापेक्षा सुमारे चार टक्के जड असते. जड पिशवी तळाशी गेली, चुंबकी कांडीवर आडवी पडली आणि कांडी थांबली. त्यानंतर पिशवीतून झिरपणारे खारट पाणीही तळाशीच साचत गेले. पिशवी रात्रभर आपल्याच खाऱ्या थरात लोळत होती. ती हाताने उचलली तेव्हा तिच्याभोवती तापल्या रस्त्यावरच्या हवेसारख्या थरथरत्या रेषा उमटल्या, आणि पहिला खरा सुगावा त्या रेषांनी दिला. दुर्दैवाने त्या क्षणी कोणी त्याकडे लक्ष दिले नाही.

मार्गदर्शकांना फोन केला. त्यांनी विचारले, “अजून किती आहे?” “सर, शंभरच्या वर आहे,” ती म्हणाली. “मग आणखी एक रात्र राहू दे, उतरेल.” त्यांच्या जागी मीही हेच म्हटले असते. हा पहिला निर्णयबिंदू होता आणि तो हुकला. दुसऱ्या सकाळी मीठ ६० मिलिमोलरच्या आसपास अडकले होते. शिवाय पिशवी फुगून ताणली गेली होती. आतल्या मिठाने बाहेरचे पाणी परासरणाने आत ओढले होते आणि भरताना रिकामी जागा ठेवलेली नव्हती.

दुसरी रात्र का वाया गेली, हे कागदावर एका ओळीत कळते. ४० मिलीलिटरमधले सारे मीठ १०४० मिलीलिटरमध्ये समान पसरले तरी संहती सुमारे ३८ मिलिमोलर राहते. हवे होते २० च्या खाली. त्या बीकरमध्ये आठवडाभर थांबले असते तरी एन्झाइम पुढच्या स्तंभावर चिकटण्याजोगे झाले नसते. पहिल्या रात्रीचा प्रश्न गतीचा होता, दुसऱ्या रात्रीचा गंतव्याचा. आणि आम्ही दोन्ही प्रश्नांना एकच उत्तर देत होतो, ते म्हणजे वाट पाहणे.

अडथळा नेमका कुठे होता

दुपारी विद्यार्थिनीने पटलावरच संशय घेतला. छिद्रे बुजली असावीत किंवा फारच बारीक असावीत, असे तिचे म्हणणे होते. ५० किलोडाल्टन मर्यादेचे पटल कपाटात होते आणि ते वापरावे असे तिने सुचवले. तिथे बसून आम्ही तिघांनी, कारण मार्गदर्शक तोवर आले होते, थोडा हिशेब मांडला. या प्रकरणातला सर्वांत उपयोगी अर्धा तास तोच होता.

अॅडॉल्फ फिक यांनी १८५५ मध्ये मांडलेला नियम साध्या शब्दांत असा आहे: पटलातून दर सेकंदाला पार होणारे कण हे पटलाच्या क्षेत्रफळाच्या, दोन्ही बाजूंच्या संहतीतील फरकाच्या आणि कणाच्या विसरणांकाच्या (कण द्रवात आपोआप किती वेगाने पसरतो ते सांगणाऱ्या आकड्याच्या) प्रमाणात वाढतात, आणि पटलाच्या जाडीच्या प्रमाणात घटतात. पाठ्यपुस्तके याच घटकांची यादी देतात, तापमान व कणाचा आकार हे विसरणांकातून येतात, आणि यादीतील कोणताही घटक बदलला की गती बदलते असा समज होतो. नियमात चूक काही नाही. पण नियमातली जाडी कोणाची, हे विचारावे लागते. कणाला केवळ पटल ओलांडायचे नसते. आतल्या द्रावणातून पटलापर्यंत पोहोचायचे, पटल ओलांडायचे आणि बाहेरच्या पाण्यात पटलापासून दूर जायचे, असे तीन टप्पे एकामागून एक असतात, आणि एकूण वेळ ज्या टप्प्यात सर्वाधिक जातो तिथेच सुधारणा केली तर फायदा दिसतो.

विसरणाने कापलेले अंतर काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. उलट बाजूने पाहिले तर अंतर दुप्पट झाले की वेळ चौपट होतो. मिठाचा पाण्यातला विसरणांक २५ अंशांवर सुमारे १.५ गुणिले दहाचा उणे नववा घात चौरस मीटर प्रति सेकंद आहे. अंतराचा वर्ग भागिले दुप्पट विसरणांक या ढोबळ सूत्राने, ओल्या पटलाची सुमारे ५० मायक्रोमीटर जाडी ओलांडायला एका सेकंदाहून कमी वेळ लागतो. छिद्रांची वाट वेडीवाकडी असते आणि पटलाचा सगळा भाग पाण्याचा नसतो, म्हणून हा काळ काही पटींनी वाढवला तरी तो काही सेकंदांचाच राहतो. आता पिशवीची त्रिज्या घ्या. साडेतेरा मिलिमीटर अंतर कापायला हेच सूत्र सुमारे १७ तास सांगते. कोल्ड रूममध्ये तो काळ जवळपास दुप्पट होतो.

प्रत्यक्षात आतले द्रावण पूर्ण स्थिर नसते, घनतेतील फरकाने त्यात मंद प्रवाह चालू असतात, त्यामुळे १७ तास हा आकडा जसाच्या तसा खरा मानायचा नाही. पण एकीकडे सेकंद आणि दुसरीकडे तास हा फरक इतका मोठा आहे की ढोबळपणाने निष्कर्ष बदलत नाही. पटल निर्दोष होते. अडथळा पटलाच्या दोन्ही बाजूंच्या निवांत पाण्यात होता.

विचारात घेतलेले पर्याय

मोठ्या छिद्रांचे पटल हा पर्याय आधी बाजूला पडला. १२ ते १४ किलोडाल्टनच्या पटलाची छिद्रे दोन-अडीच नॅनोमीटरची असतात आणि पाण्याचे कवच धरूनही सोडियमचा आयन एका नॅनोमीटरहून लहान असतो. त्याला दार आणखी रुंद करून दिल्याने फारसे मिळणार नव्हते, कारण तो दारापाशी वेळ घालवतच नव्हता. उलट ३२ किलोडाल्टनचे एन्झाइम ५० किलोडाल्टनच्या पटलातून मिठाबरोबरच निघून गेले असते. पटलाची मर्यादा म्हणजे काटेकोर भिंत नसते. त्या वजनाचे रेणू बहुतांश अडतात, सगळे नव्हे. म्हणून प्रथिनाच्या वजनाच्या निम्म्याहून कमी मर्यादेचे पटल घेण्याची पद्धत आहे, आणि हातातले पटल त्या पद्धतीत बसत होते.

तापमान वाढवण्याची सूचना मार्गदर्शकांची होती. तिचा हिशेब सरळ आहे. विसरणांक हा केवल तापमानाच्या प्रमाणात आणि द्रवाच्या विष्यंदितेच्या, म्हणजे चिकटपणाच्या, व्यस्त प्रमाणात असतो. ४ वरून २५ अंशांवर गेल्यास केवल तापमान २७७ वरून २९८ केल्व्हिन, म्हणजे सात-आठ टक्केच वाढते. खरा फरक पाण्याचा चिकटपणा घटल्याने पडतो: विष्यंदिता सुमारे १.५७ वरून ०.८९ मिलिपास्कल-सेकंदावर येते. दोन्ही मिळून विसरणांक सुमारे १.९ पट होतो. म्हणजे दुपटीपेक्षा थोडे कमी मिळणार, आणि त्या बदल्यात एन्झाइम रात्रभर खोलीच्या तापमानावर राहणार, जिथे नमुन्यात उरलेली प्रथिनभंजक विकरे त्याला खात बसतील. सौदा महाग होता. शिवाय आमच्या ट्रिस बफरचा पीएच तापमानावर अवलंबून असतो, अंशामागे सुमारे ०.०२८ इतका, म्हणून २१ अंशांच्या फरकाने तो जवळपास ०.६ ने सरकला असता.

बारीक नळीचा पर्याय मात्र मोलाचा निघाला. सुमारे १० मिलिमीटर व्यासाच्या नळीत तोच ४० मिलीलिटर नमुना भरायला अर्धा मीटर नळी लागते, म्हणजे दोन तुकडे करावे लागतात. पण पटलाचे क्षेत्रफळ ६० चौरस सेंटिमीटरवरून १६० वर जाते, आणि मध्यापासून पटलापर्यंतचे अंतर साडेतेरावरून ५ मिलिमीटरवर येते. अंतराचा परिणाम वर्गाने होत असल्याने ढोबळ काळ सातपटीने घटतो. १७ तासांच्या जागी सव्वादोन तास, थंडीत साडेचार. तापमानाने दुप्पट आणि व्यासाने सातपट, हे दोन आकडे शेजारी लिहिल्यावर चर्चा फार लांबली नाही. तोटा इतकाच की गाठी वाढतात, आणि लांब नळीच्या भिंतींना चिकटून थोडे प्रथिन वाया जाते.

बफर बदलण्याबाबत मतभेद झाला. विद्यार्थिनीला एकदाच मोठे, ३ लिटरचे भांडे घ्यायचे होते. समतोलाला त्यात मीठ १३ मिलिमोलर राहते, म्हणजे कसेबसे चालते. पण तेच ३ लिटर तीन वेळा एकेक लिटर करून वापरले, तर प्रत्येक बदलाला संहती सव्वीसपट घटते: पहिल्यानंतर ३८, दुसऱ्यानंतर दीड, तिसऱ्यानंतर मोजण्याजोगी राहतच नाही. याला गतीची बाजूही आहे. संहतीतील फरक ही विसरणाची चालक शक्ती आहे, आणि फरक जसजसा घटतो तसतसा प्रवाह मंदावतो. पहिला निम्मा फरक मिटायला जितका वेळ लागतो, साधारण तितकाच उरलेल्याचा निम्मा मिटायला लागतो. म्हणून बफर ताजे करणे म्हणजे मरगळलेल्या प्रवाहाला पुन्हा पूर्ण ताण देणे आहे.

डायलिसिस सोडून देण्याचाही पर्याय होता. जेल गाळणीच्या, म्हणजे रेणू आकारानुसार वेगळे करणाऱ्या, छोट्या स्तंभातून नमुना गाळला असता तर मीठ काही मिनिटांत वेगळे झाले असते. पण त्या वेळी तयार असलेल्या स्तंभात एका खेपेला अडीच मिलीलिटर नमुना मावे, म्हणजे सोळा खेपा झाल्या असत्या, आणि प्रत्येक खेपेत नमुना पातळ झाला असता. आम्ही तो नाकारला. तो निर्णय बरोबर होता की नाही, याबद्दल मला आजही शंका आहे.

केलेली कृती

त्याच संध्याकाळी नमुना जाड पिशवीतून काढून दोन बारीक नळ्यांत भरला. प्रत्येक नळी वरून सुमारे एक तृतीयांश रिकामी सोडली, जेणेकरून पाणी आत आले तरी ती ताणली जाऊ नये. अर्थात मीठ आता बरेच उतरलेले असल्याने फुगण्याचा धोका पहिल्या रात्रीइतका राहिला नव्हता. आत हवेचा एक बुडबुडा मुद्दाम ठेवला, कारण नळी उलटीपालटी केली की तो बुडबुडा आतले द्रावण ढवळतो. नळ्या बीकरच्या तोंडावर आडव्या ठेवलेल्या काचकांडीला बांधून बफरच्या वरच्या भागात लोंबत्या ठेवल्या. चुंबकी कांडी खाली मोकळी फिरत राहिली.

पहिले बफर दोन तासांनी, दुसरे आणखी तीन तासांनी बदलले आणि तिसऱ्यात नळ्या रात्रभर राहिल्या. पहिल्या बदलाची वेळ आम्ही अंदाजाने ठरवली, कारण पहिल्या बफरमध्ये पूर्ण समतोलाची वाट पाहण्यात अर्थ नव्हता. बाहेरची वाहकता दर अर्ध्या तासाने मोजली, या वेळी बीकर ढवळलेला असताना आणि तापमानाची दुरुस्ती करून.

परिणाम

सकाळी नमुन्याची वाहकता ताज्या बफरपासून वेगळी ओळखू येत नव्हती. एन्झाइम पुढच्या स्तंभाला नीट चिकटले आणि काम पुढे सरकले. मात्र त्याची क्रियाशीलता पहिल्या दिवशीच्या मापनापेक्षा स्पष्टपणे घटलेली होती. ती दोन वाया गेलेल्या दिवसांमुळे घटली, नळ्यांच्या भिंतींवर गेली, की एका नळीच्या गाठीतून रात्री थोडी गळती झाली तिच्यातून गेली, हे सांगता येत नाही. पुढे प्रयोगशाळेत गाठींऐवजी चिमटे वापरात आले.

यशाचे श्रेय कोणाला द्यायचे, हेही त्या रात्रीवरून ठरत नव्हते. आम्ही नळीचा व्यास, ढवळणे, पिशवीची जागा आणि बफरचे बदल अशा चार गोष्टी एकाच वेळी बदलल्या होत्या. नमुना वाचवायचा असताना ते समजण्यासारखे आहे, पण त्यातून शिकायला काही मिळत नाही. म्हणून नंतरच्या आठवड्यात विद्यार्थिनीने प्रथिनाशिवाय, केवळ मिठाचे द्रावण आणि थोडा विद्राव्य रंग घेऊन वेगवेगळ्या पिशव्या शेजारी शेजारी लावल्या. त्यात एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली. न ढवळलेल्या बीकरमध्ये वरच्या बाजूला लोंबणारी पिशवी ही ढवळलेल्या बीकरमधल्या पिशवीच्या फार मागे नव्हती, पण तळाशी पडलेली पिशवी या दोघींच्याही बरीच मागे होती. वर लटकलेल्या पिशवीतून बाहेर आलेले खारे पाणी जड असल्याने आपोआप खाली घसरते आणि त्याची जागा ताजे पाणी घेते. गुरुत्वाकर्षणच ढवळायचे काम करते. तळाच्या पिशवीला ही सोय नसते. तसेच उभ्या पिशवीत रंग तळाशी जास्त वेळ टिकून राहिला, आणि पिशवी अधूनमधून उलटी केली की तो झपाट्याने उतरला.

वेगळे काय करता आले असते

पिशवी बांधण्यापूर्वी दोन हिशेब व्हायला हवे होते: समतोलाला किती मीठ उरेल, आणि मध्यापासून पटलापर्यंत किती वेळ लागेल. दोन्हीला मिळून दहा मिनिटे लागली नसती, आणि पहिल्याच हिशेबाने एक लिटरचे भांडे बाद ठरले असते.

पहिल्या सकाळी आकडा अपेक्षेपेक्षा वेगळा आला तेव्हा प्रतीक्षा वाढवण्याआधी मापन तपासायला हवे होते. बीकर न ढवळता वरून मोजलेली वाहकता आणि थंड नमुन्याची न दुरुस्त केलेली वाहकता, या दोन मापनांनी परस्परविरोधी कथा सांगितली होती: एक म्हणत होते मीठ बाहेर नाही, दुसरे म्हणत होते मीठ आतही फारसे नाही. १ मोलरपासून सुरुवात झाली असताना दोन्ही एकाच वेळी खरी असणे शक्य नव्हते. ही विसंगती वहीत शेजारी शेजारी लिहिलेली होती, आणि ती दोन दिवस कोणाच्या नजरेला आली नाही, माझ्याही.

बारीक नळीचा निर्णय योग्य ठरला, तरी ४० मिलीलिटरसाठी तो एकमेव उपाय नव्हता. नमुना आधी गाळणीच्या अपकेंद्री उपकरणात आटवून चार-पाच मिलीलिटर केला असता, तर जेल गाळणीच्या दोन खेपांत काम झाले असते आणि एन्झाइम रात्री नव्हे तर दुपारीच पुढच्या स्तंभावर गेले असते. पण प्रथिन आटवताना ते गोळा होऊन खाली बसण्याचा धोका असतो आणि या एन्झाइमबाबत तो किती आहे हे तेव्हा तपासलेले नव्हते. थोड्या नमुन्यावर तेवढी चाचणी आधीच केलेली असती तर पर्यायांच्या चर्चेत तो खऱ्या अर्थाने उतरला असता.

पटल बदलण्याची विद्यार्थिनीची सूचना चुकीची ठरली, पण दुसऱ्या प्रकारच्या अडथळ्यासाठी तीच बरोबर ठरली असती. नमुन्यातून मिठाऐवजी दहा किलोडाल्टनचा पेप्टाइड काढायचा असता, तर त्याचा आकार छिद्रांच्या आकाराशी जुळत आला असता, पटलातली त्याची चाल खरोखरच खुंटली असती आणि नळी बारीक करूनही पुरेसा फरक पडला नसता. जिवंत पेशींच्या पटलाच्या बाबतीत तर प्रश्नच वेगळा असतो: तिथे आयनांना स्निग्ध थरात शिरताच येत नाही, ऑक्सिजन सहज शिरतो, आणि आकारापेक्षा स्निग्धात विरघळण्याची क्षमता अधिक महत्त्वाची ठरते. विद्यार्थिनीने नंतर प्रयोगशाळेच्या सूचनापत्रात डायलिसिसच्या पानावर नवी पहिली ओळ घातली. त्या ओळीत पिशवीच्या व्यासासाठी, नमुना व बफरच्या प्रमाणासाठी आणि काढायच्या रेणूच्या वजनासाठी तीन रिकामे चौकोन आहेत, आणि ते भरल्याशिवाय पानाच्या पुढच्या पायऱ्या सुरू करायच्या नाहीत असे तिथे लिहिलेले आहे.